आईच्या बोटांतला कीबोर्ड

पेणमध्ये आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई टायपिंग करते. अर्ज, लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं, आणि या सगळ्यापेक्षा जास्त पत्रकं. खाडीकाठच्या गावात सभा असली की हातानं लिहिलेला कागद आमच्याकडे येतो. मी वाचायला शिकले ते या कागदांवर. शाळेच्या पुस्तकातलं कमळ मला नंतर भेटलं, ‘जाहीर आवाहन’ त्याच्या आधी.

त्यामुळे आईच्या कॉम्प्युटरवर सूचना यायला लागल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. ही प्रणाली जुनी झाली, नवी घ्या, आणि नवी या मशीनवर चालणार नाही. चांगलं चालणारं यंत्र कुणीतरी लांब बसून म्हातारं ठरवणार आणि आपण मान डोलवायची? शिवाय आमच्याकडची प्रत कुणा ओळखीच्यानं कसल्याशा सीडीवरून टाकून दिलेली. हक्क मागणारी पत्रकं, आणि ती चोरीच्या प्रणालीवर. मी आईला लिनक्स या मुक्त, फुकट मिळणाऱ्या प्रणालीबद्दल सांगितलं. ती जुन्या मशीनवरही चालते, सगळ्यांची आहे, कुणीही आत उघडून बघू शकतं, बदलू शकतं. आई भेंडी चिरत होती.

“सभा घेतेस का माझी?” ती म्हणाली. “कर काय करायचं ते. शनिवारी पत्रक द्यायचंय, तेवढं लक्षात ठेव.”

गुरुवारी ती रोह्याला मावशीकडे गेली. ती परत येईपर्यंत मी जुन्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि सगळं बदलून टाकलं. मराठी उमटतंय का तेही पाहिलं. उमटत होतं. मी ज्या पद्धतीनं टाइप करते, त्या पद्धतीनं.

शुक्रवारी सकाळी आई बसली. ती टाइप करताना फक्त कागदाकडे बघते. एक ओळ मारून तिनं वर पाहिलं. त्या ओळीत नुसती भलतीच अक्षरं होती, एकही शब्द नव्हता. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

लग्नाआधी ती नागोठण्याहून रेल्वेनं रोह्याच्या टायपिंग क्लासला जायची. तिथल्या मराठी टाइपरायटरची मांडणी तिनं कॉम्प्युटरवरही धरून ठेवली होती. जुन्या प्रणालीत ती बसवून घेतलेली होती. मी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात खाडीकडच्या गावातले काका आले. बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं होतं. दुरुस्तीसाठी रविवारी सभा होती आणि शनिवारी द्यायचं पत्रक त्या सभेचंच होतं.

“काय वैनी, झाला का कागद?”

“नाय झाला,” आई म्हणाली. “लेकीनं कॉम्प्युटर स्वतंत्र केलाय. आता तो कुणाचं ऐकत नाय.”

काका माझ्याकडे बघून हसले. “मग काय गो, मोर्चा तुझ्यावरच काढायचा का?”

“उद्या संध्याकाळी मिळेल काका. मी टाइप करून देते.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “हां, तूच दे,” आणि आत गेली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या खोलीत आजवर आईशिवाय कुणी पत्रक टाइप केलं नव्हतं. ते काम मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि तेही मुक्तीचं नाव घेऊन.

मी इंटरनेटवर शोधत बसले. टाइपरायटरची एक मांडणी सापडली, पण आईच्या क्लासमधल्या यंत्राशी ती निम्मीच जुळत होती. मात्र ती म्हणजे एक साधी फाइल होती. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, हे ओळीनं लिहिलेलं, आणि बदलता येण्यासारखं. मी आईला बोलावलं.

“ठ कुठल्या बटणावर गं?”

ती विचारात पडली. “मला काय ठाऊक.”

“रोज तर मारतेस.”

“बोटांना ठाऊक. आम्हाला बघू कुठे द्यायचे? सर हातांवर फडकं टाकायचे.”

मग आम्ही वेगळंच केलं. कॉम्प्युटर बंद ठेवला. आई डोळे मिटून बसली. मी पत्रक सावकाश वाचत गेले आणि तिचं बोट जिथे पडेल तिथलं अक्षर कागदावरच्या चौकोनांत भरत गेले. खारं पाणी. फुटलेला बांध. भाताची रोपं. पत्रकात नसलेल्या अक्षरांसाठी आईनं स्वतःच रेल्वे स्टेशनांची नावं घेतली. जिते, हमरापूर, कासू, नागोठणे. तिथे ती हसली.

“गाडीत मांडीवर डबा ठेवून त्याच्यावर सराव करायचे मी. समोरच्या बायका म्हणायच्या, हिला काय झालंय गो?”

मुक्तीवर मी तासभर बोलू शकते. आईचे हात इतक्या जवळून मात्र कधी पाहिले नव्हते.

शनिवारी दुपारी मी फाइल बसवली. आईनं एक ओळ मारली आणि वर पाहिलं. ‘बंधू-भगिनींनो, आपला बांध आपणच राखू.’ तिनं पुढची ओळ घेतली. अर्धं पत्रक झाल्यावर थांबली.

“यातलं हलवता येतं म्हणालीस ना?”

“कुठलंही.”

“मग ळ जरा जवळ आण.”

ळ उजव्या टोकाला होता. शिफ्ट दाबून करंगळी ताणावी लागायची. तिची ती करंगळी वाकडी झाली आहे, सकाळी सुजलेली असते, हे मला माहीत होतं. का, ते आज कळलं.

“सरांना सांगितलेलं मी, बोट पोचत नाय. ते म्हणाले, ताण.”

“कुठे हवा?”

तिनं एकेका बटणावर बोट टेकवून पाहिलं. असं तिला कुणी विचारलं नसावं. शेवटी तिनं मधलं, तिच्या मांडणीत रिकामं असलेलं एक बटण दाखवलं. मी फाइलमधली एक ओळ बदलली.

आता फक्त सभेची वेळ आणि जागा राहिली होती. रविवारी सकाळी, शाळेच्या पटांगणात. ‘सकाळी’ला तिची करंगळी सवयीनं टोकाला गेली आणि तिथलं भलतंच चिन्ह उमटलं.

“परत होता तिथेच ठेवू का?”

“राहू दे. येईल सवय.”

तिनं चूक पुसली आणि नवं बटण शोधून दाबलं. काका दारात चपला काढत होते.

“बसा जरा,” आई त्यांना म्हणाली. “शाळा राहिलीय अजून.”