शेल उतरलेलं संगीत

कोरपन्यातले आमचे शेजारी ओव्हरसियर मुंबईहून बारोक संगीताची कॅसेट घेऊन आले, तेव्हापासून त्यांच्याकडचा चहा मला महाग पडू लागला. "ह्या जुन्या युरोपी संगीतात चार आवाज संगं चालते, अन् कोणी कोणाले दाबत नाई," हे ते दर रविवारी बोट नाचवत सांगायचे.

एकदा लाइन गेली म्हणून त्यांनी टेप बॅटरीच्या शेलवर लावला. थोड्या वेळानं सूर रेंगाळले, व्हायोलिनं म्हशीसारखी रेकू लागली.

"हा संथ भाग हाये, भाऊ. सुरायची खोली पाहा," ते डोळे मिटून म्हणाले.

"अवो, शेल उतरून राह्यले," दारातून त्यांची बायको म्हणाली.

"तू चूप राय. तुले काय समजते?"

चारही आवाज बंद पडले. "किती शांत शेवट," ते म्हणाले, आणि त्या शांततेबद्दल चहा निवेपर्यंत बोलत राहिले.