पिवळा फिल्टर आणि काळ्या म्हशी

दोष नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी "अरे, म्हातारा माणूस, जाऊ दे" असं म्हणायला नको. मी जाऊ देणार नाही.

आमच्या लोणावळ्याच्या छायाचित्र मंडळात माणसं चारच, पण दर रविवारी नानांच्या ओसरीवर जमायचं म्हणजे एक तरी किस्सा घरी घेऊन जायचा. न्यायचा नसला तरी अंगाला चिकटून यायचा, फोटो धुण्याच्या हायपोच्या वासासारखा! एक नाना, पेन्शनर ड्रॉइंगमास्तर आणि स्वयंघोषित अध्यक्ष. दुसरे डॉक्टर. बाजारात त्यांचा दवाखाना. शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं. तिसरा माधव, नानांचा सख्खा भाचा. आणि चौथा मी, वसंता. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. हे मी स्वतः कधी सांगायचो नाही, सांगायची वेळच यायची नाही. माझ्याआधी नाना सांगायचे.

*

नानांची डार्करूम म्हणजे त्यांची न्हाणी. झरोक्याला घोंगडी, कोनाड्यात लाल कंदील. आत नाना प्लेट धूत असले की बाहेर काकू पंचा खांद्यावर टाकून उभ्या. "अहो, पाणी निवलं!" आतून आवाज यायचा, "थांब, आता कुठे नाक दिसायला लागलंय!"

नानांना काच वाया गेलेली खपायची नाही. फोटो छापून झाला की निगेटिव्हची काच सोड्याच्या गरम पाण्यात टाकायची, वरचा थर खरवडून काढायचा आणि ती काच फ्रेमला लावायची. गावातल्या निम्म्या तसबिरी अशाच काचांमागे आहेत. डॉक्टरांच्या वडिलांचा फोटो डाग पडून खराब झाला, म्हणून दुसरी प्रत मागायला डॉक्टर आले. नानांनी त्यांना देवघरात नेलं. गणपतीच्या तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "वडील तुमचे इथे आहेत. बाप्पांच्या पुढ्यात. आणखी काय पाहिजे?"

डॉक्टरांना पटलं!

*

रंगाबद्दल नानांचं मत ठरलेलं होतं. "फोटोत रंग म्हणजे वरणात मुरंबा. रंग डोळ्याला फसवतो. खरं काय ते काळं नि पांढरं."

पण नानांच्या जुन्या प्लेटांना लाल रंग काळा दिसायचा आणि निळा पांढरा. नाना सगळं जग त्या प्लेटांच्या हिशेबाने बघायचे. तळेगावच्या एका लग्नात नवरी लाल शालू नेसून समोर आली, तर हे ओरडले, "काढा तो! कोळसा येईल कोळसा!" मग शेजारणीची फिकट निळी साडी आणून तिला नेसवली. नवऱ्याचा लाल फेटा मात्र तसाच राहिला. फोटो छापून गेला. नवरी नखशिखांत पांढऱ्या लुगड्यात, आणि शेजारी काळा फेटा बांधलेला नवरा.

नवरीची आजी फोटो घेऊन तळेगावाहून लोणावळ्यापर्यंत आली. ओसरीची पायरीही चढली नाही. खालूनच म्हणाली, "मास्तर, नवरा मेला शेजारी धडधाकट उभा आहे, आणि पोरीला पांढरं नेसवलंत?"

नाना म्हणाले, "आजी, टोन बघा, टोन!"

*

आता माधव. माधवचे वडील मुंबईत मोठे वकील. दिवाळीला माधव नानांकडे राहायला आला तो खिशात जर्मन कॅमेरा घालून. मुठीत मावेल एवढासा. सोबत रंगीत फिल्मचे दोन रोल. खरोखरची रंगीत, वरून ब्रशने रंगवायची नव्हे! मात्र ती धुवायची सोय हिंदुस्थानात नाही. रोल बोटीने विलायतेला जाणार, आणि कागदावर छापलेली नव्हे, तर उजेडाकडे धरून बघायची चिमुकली रंगीत चित्रं होऊन परत येणार.

मला काय झालं ते स्पष्ट सांगतो. मी जळलो. मी मंडळाचा जुना लाकडी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यासकट खांद्यावर टाकून घाटात चढउतार करायचो, आणि हा पठ्ठ्या खिशातून कॅमेरा काढतो जसा काही तपकिरीची डबी! बरं, त्याला बटण कुठलं ते ठाऊक नाही. मला विचारतो, "वसंता, हे गोल फिरतं ते कशाला रे?" मी सांगितलं. मी सांगितल्यावर त्याने ते फिरवलं, आणि नाना म्हणाले, "बघा, उपजत हात आहे पोराचा!"

त्याचा कोट बघून मला चीड यायची. त्याचा भांग बघून यायची. त्या हिवाळ्यात त्याला सर्दी झाली, तर डॉक्टर तपासायला घरी गेले. मला झाली तेव्हा काढ्याचा कागद हातात दिला होता!

आणि नाना? मागच्या रविवारपर्यंत रंग म्हणजे वरणात मुरंबा. त्या रविवारी कॅमेरा हातात घेऊन, डोळा बारीक करून म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणतोय, पुढचा काळ रंगाचा आहे."

डॉक्टरांना तेही पटलं.

*

त्याच सुमारास मुंबईचे एक कॅलेंडर छापणारे गृहस्थ हवापालटाला लोणावळ्यात येऊन राहिले होते. डॉक्टर त्यांना औषध द्यायचे. एका रविवारी डॉक्टर धापा टाकत ओसरीवर आले. गृहस्थांना मावळचं एक चित्र हवंय. रंगीत असो, काळंपांढरं असो, चित्र चांगलं पाहिजे. ज्याचं चित्र पसंत पडेल त्याला ते मुंबईच्या आपल्या स्टुडिओत नोकरीला घेणार!

माझ्या कानात घंटा वाजली. घरी वडिलांनी सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यापर्यंत काहीतरी धंदा बघ, नाहीतर तळेगावला काकांच्या तांदळाच्या दुकानात गादीवर बस. वडिलांना कॅमेरा म्हणजे डोंबाऱ्याचा ढोल वाटायचा. माधवला नोकरीची गरज काय होती? त्याच्या घरी नोकरांना नोकर होते!

मी सरळ म्हणालो, "नाना, रोल दोन आहेत. एक मला द्या."

नानांनी चष्मा पुसला. "वसंता, तू कॉलेज अर्धवट सोडलंस. रोलही अर्धवट सोडशील."

सगळे हसले. माधव सगळ्यात कमी हसला. त्याचा मला जास्त राग आला.

निकाल असा लागला की रंगीत माधव काढणार आणि काळंपांढरं मी. "तुला तेच शोभतं," नाना म्हणाले.

*

माधवच्या रंगीत फोटोसाठी आम्ही सगळे आंबीच्या बाजूला गेलो. उशिराचं भात अजून उभं होतं. हिरवंगार शिवार, वर निळं आभाळ, एखादा पांढरा ढग. मी तोंड आवळून तिकाटणं धरून उभा. बांधावरून शेताचे मालक आबा आले. टोप्या, कोट, तीन पायांचं यंत्र, हे सगळं बघून त्यांची खात्रीच झाली की आम्ही शेतसारा वाढवायला आलेले सरकारी लोक.

"साहेब, यंदा काय बी पिकलं न्हाई बगा," आबा कमरेइतक्या भातात उभं राहून म्हणाले. "समदं वाळून गेलं."

नाना म्हणाले, "आबा, आम्ही फोटो काढतोय."

"व्हय, फोटूत बी वाळल्यालंच येऊं द्या!"

आबांची इच्छा नानांनी पुरी केली. कशी, ते सांगतो. काळ्यापांढऱ्या फोटोत आभाळ गडद यावं, ढग उठून दिसावा, म्हणून नाना लेन्सवर पिवळ्या काचेचा फिल्टर लावतात. वर्षानुवर्षांची सवय. इथेही त्यांनी तो खिशातून काढला आणि माधवच्या चिमुकल्या कॅमेऱ्यावर रबराने बांधायला लागले.

मी म्हणालो, "नाना, फिल्म रंगीत आहे. पिवळ्या काचेतून सगळं पिवळं येईल."

नाना वळले. "ढग कसा उठवायचा हे मला तू शिकवणार?"

डॉक्टर म्हणाले, "ढग उठला पाहिजे, हे खरं आहे."

सांगायचं ते सांगून झालं होतं. पुढे दोन्ही रोल संपेपर्यंत तो फिल्टर तिथेच होता, आणि त्या दिवसांत मला फार गाढ झोप लागायची!

*

माझा फोटो मी मार्गशीर्षात काढला. वलवणच्या धरणाच्या काठाला सकाळी असं धुकं बसतं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं, कळत नाही. भिवा गवळी म्हशी घेऊन त्यातून येतो. सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून एकेक काळी म्हैस हळूहळू पक्की होत जाते. पुढची कोळशासारखी, मागची राखेसारखी, शेवटची नुसती शिंगं. तिथे रंग नव्हताच. रंगीत फिल्मवाल्याने तिथे करायचं काय?

मी रोज सकाळी गारठत गेलो, आणि एका सकाळी म्हशी नेमक्या थांबल्या. एकच प्लेट. नानांच्या न्हाणीत लाल कंदिलाखाली ती उमटली तेव्हा नानासुद्धा चष्मा सरसावून पुढे वाकले. बाहेरून काकूंनी "पाणी निवलं" म्हटलं, तर मी आतून ओरडलो, "निवू दे!"

मोठी प्रत एकच छापली, मोठा कागद तेवढाच शिल्लक होता. काच आणि प्रत नानांकडे ठेवून मी घरी गेलो. अध्यक्ष तेच ना!

पुढच्या रविवारी येतो तर नाना माझी प्रत पुढ्यात नि हातात ब्रश घेऊन बसलेले. ड्रॉइंगमास्तरांचा हात. धुकं फिकट निळं झालं होतं. पाण्यावर हिरवळ उगवली होती. शिंगांना सोनेरी, जिभांना गुलाबी!

"कॅलेंडर आहे," नाना म्हणाले. "माधवच्या रंगीत चित्रासमोर तुझं उघडं पडलं असतं. तुझ्यासाठीच केलं."

तेवढ्यात भिवा दूध घालायला आला. त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मास्तर," तो म्हणाला, "आमच्या म्हशी पोळ्याला कवा गेलत्या?"

*

माधवचे रोल विलायतेहून आले तेव्हा उन्हं तापायला लागली होती. ओसरीवर सगळे जमलो. डॉक्टरांनी पहिलं चित्र खिडकीकडे धरलं. भात पिवळं. आभाळ पिवळं. आबा पिवळे. आबांचं धोतरसुद्धा हळदीत बुडवून काढल्यासारखं. दुसरं चित्र पिवळं. तिसरं पिवळं.

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही आधी बोलले. "कावीळ!"

मी हसलो. पोट धरून हसलो. माधवचे डोळे भरून आले होते, तरी हसलो. नाना एवढंच म्हणाले, "ढग मात्र बघा कसा उठलाय."

*

कॅलेंडरवाले गृहस्थ स्वतः ओसरीवर आले. शांत माणूस, हातात भिंग. आधी माधवची चित्रं बघितली. एक निवडून बाजूला ठेवलं. मग नानांनी माझा फोटो पुढे केला. नानांनी तो फ्रेम करून आणला होता.

ते बघत राहिले. भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"हा कुणी काढला?"

मी उभा राहिलो.

"आणि हे रंग?"

"मी!" नाना ताठ बसत म्हणाले.

गृहस्थ नानांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे धुकं मी अजून कुठे पाहिलेलं नाही. मला रंग नकोत. याची साधी काळीपांढरी प्रत द्या, मी याचंच कॅलेंडर करतो. निगेटिव्ह आहे ना?"

मी नानांकडे बघितलं. डॉक्टरांनी नानांकडे बघितलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

नानांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यांनी पुढे वाकून फ्रेमच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"ही काय! आहे ना. किती स्वच्छ धुतलीय बघा, एक ओरखडा नाही!"

गृहस्थांनी बराच वेळ त्या काचेतून म्हशींकडे बघितलं. मग पिवळं चित्र खिशात घातलं. "सोनेरी सकाळ म्हणून चालून जाईल," ते म्हणाले.

माधव मुंबईला स्टुडिओत गेला. मी तळेगावला काकांच्या दुकानात तांदूळ विकतो.