डॉक्टरची खुर्ची

त्या खेळात डॉक्टर व्हायला कुणीच तयार नसायचं. मी झालो, आणि चांगला झालो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मेढ्याकडचा, सांगलीत डिप्लोमाला होतो. विश्रामबागेत एक कॉम्प्युटर क्लास होता, त्यातली दहा मशीन वायरीनं एकमेकांना जोडलेली. रविवारी दुपारी क्लास बंद असला की तिथले सर आम्हाला आत घ्यायचे आणि आम्ही पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या करून बंदुकांचा खेळ खेळायचो. आपला झेंडा राखायचा, दुसऱ्याचा पळवायचा. मेलं तर दहा सेकंदांनी आपल्या तळावर पुन्हा उठायचं, पण तोवर समोरचा झेंडा घेऊन पसार. प्रत्येक टोळीत एक डॉक्टर. त्याची बंदूक नावापुरती. त्यानं जखमी गड्याजवळ जाऊन हात लावला की त्या गड्याच्या रक्ताचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात वर चढायचा. ज्याला डॉक्टर पाहिजे त्यानं एक बटण दाबायचं, की स्पीकरमधून बोंब उठायची आणि त्याच्या डोक्यावर लाल खूण दिसायची.

बंदुका सोडून मलमपट्टी कोण करणार? सगळ्यांना पाटीलकी पाहिजे होती. मी नवा होतो म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या महिन्यात बोंब आली की मी धावायचो आणि वाटेतच मरायचो. मेलेला डॉक्टर काय कामाचा? मग एकेक शिकत गेलो. शत्रूकडं बघायचंच नाही, आपल्या माणसांकडं बघायचं. उघड्यावर थांबायचं नाही, भिंतीला पाठ लावून दोघांच्या मधोमध राहायचं. थोडं खरचटलंय त्याच्यामागं लागायचं नाही, त्याच्यात अजून दम आहे. हाक आली की पाच मोजायच्या आत मी तिथं, ही माझी शेखी. आमचा कप्तान सांगलीचाच होता, आमच्याहून दोन वर्षं थोरला, सगळे त्याला दादाच म्हणायचे. तो म्हणायचा, "ह्यो एसटीपेक्षा बरा. हात केला की थांबतोय तरी."

माझा रूम पार्टनरही टोळीत होता. कोरेगावकडचा. झेंड्याच्या दारावर पहारा त्याचा. नेम असा की समोरचे त्या दाराकडं यायला बिचकायचे. बोलायला मात्र एकदम कमी. बाकीचे खेळताना आयमाय उद्धरायचे, हा ओठ घट्ट मिटून बसायचा. खेळ संपला की आमच्या टोळीतल्या पाच जणांना सर एकेक तास मशीनवर बसू द्यायचे. आम्ही चौघं त्या तासात पत्ते खेळायचो, नाहीतर आपसात पुन्हा गोळ्या झाडायचो. हा प्रोग्रॅम लिहायचा. कॉलेजात एका मशीनवर तिघं-चौघं असायचे, तिथं त्याचा हात कीबोर्डला लागायचाच नाही. त्या एका तासासाठी तो आठवडाभर वहीत पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहून ठेवायचा.

साताऱ्यातल्या एका क्लासच्या पोरांनी आम्हाला मॅच खेळायला बोलावलं, आणि तिथनं सगळं सुरू झालं. दादानं आम्हाला पडद्यावरचा तक्ता दाखवला. कोण किती वेळा मेला ते त्यात लिहिलेलं असतं. पार्टनर सगळ्यांत वर.

"ह्येचं मरणं बघा की," दादा म्हणाला. "साताऱ्याला ह्येला न्यायचा न्हाई. दुसरा बघतो मी."

दुसरा आला म्हणजे हा टोळीतनं गेला, आणि टोळीतनं गेला म्हणजे तो तास गेला. पार्टनरनं मान खाली घातली. मीच मध्ये पडलो. म्हटलं, "दादा, एक रविवार दे. बघतो काय चुकतंय ते."

पुढच्या रविवारी माझं मशीन हँग झालं. दुसऱ्या एकाला डॉक्टर करून मी पार्टनरच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. त्यानं दोघांना लोळवलं. तिसऱ्यानं त्याला गाठलं आणि रक्त नऊवर आलं. तो कोपऱ्यात बसला. आमचा डॉक्टर दोन हातांवरनं निघाला होता, पाठ करून. एक बटण दाबायचं होतं. पार्टनरचं बोट त्या बटणावर होतं, मी डोळ्यांनी बघितलं. पण दाबलं नाही. डॉक्टर निघून गेला. पार्टनर उठला, दारात उभा राहिला आणि मेला.

"आरं, हाक मार की!" मी ओरडलो. सगळा क्लास वळून बघायला लागला. त्यानं हात मांडीवर घेतले.

पुढच्या चार डावांत तेच. तो हाक मारत नव्हता, आणि आठ महिने मी फक्त हाक मारणाऱ्यांकडंच धावत होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर रसवंतीवर आल्यावर मी त्याला धरलाच.

"हाक मारायला काय हुतंय रं तुला? जीब झडती का?"

"न्हाई मारत मी."

"का पर?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

"एवढा कसला ताठा हाय रं तुला?"

त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला. "ताठा. तुझ्या आज्याचा शबूद ह्यो. सांगितलीस न्हवं तू ती गोष्ट रूमवर?"

मला आठवायला वेळ लागला. वर्षापूर्वी रूमवर पाच-सहा जण जमले होते, गावाकडच्या गमती चालल्या होत्या. मी आमच्या आजोबांची गोष्ट नकला करून सांगितली होती. गावातली काही माणसं पूर्वी रोज संध्याकाळी दारात येऊन लांब उभी राहायची, "वाढा वो माय" म्हणून हाक मारायची. मग बौद्ध झाली आणि यायची बंद झाली. आज्जी तीन दिवस भाकरी हातात घेऊन दारात उभी, कुणी फिरकेना. शेवटी कुत्र्याला घातली. आजोबा म्हणायचे, "पोटात न्हाई दाना, पर ताठा बघा!" मी आज्जीचा आवाज काढला, आजोबांच्या मिशा केल्या. रूम हसून हसून लोटपोट झाली होती.

"आमचा आजा त्येच्यातलाच," पार्टनर म्हणाला. "तुमच्या गावचा न्हवं, आमच्या गावचा. दीक्षा घिऊन आला आन् आदी भाकरीचं टोपलं चुलीत घातलं. आज्जीला म्हनला, पोरं उपाशी ऱ्हाऊ देत, पर आजपासनं कुणाच्या दारात हाक मारायची न्हाई. आमच्या घरात अजून कुनी कुनाला काय मागत न्हाई. मला बी कळतंय गड्या ह्यो खेळ हाय. पर बोट जातच न्हाई."

मी हबकलोच. रसवंतीच्या घुंगरांचा आवाजसुद्धा ऐकू येईना. तोंडातनं पहिलं वाक्य काय निघावं? "आरं, पर मला काय म्हाईत तू..." आणि तिथंच थांबलो, कारण ते वाक्य पुढं कुठं चाललंय ते माझं मलाच ऐकू आलं. म्हणजे तो समोर नसता तर गोष्ट चालली असती! मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तू बी हसला हुतास की तवा."

"मी हसलो न्हवतो," तो शांतपणे म्हणाला. "तू बघितलं न्हाईस."

त्याच्याशेजारी माझी कॉट होती. वर्षभर. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त धक्का बसला. मी स्वतःला लय चांगला माणूस समजत होतो हो.

दादाला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हणालो, त्याच्या मरण्याला मी जबाबदार, साताऱ्यात एकदाही मरू देणार नाही. दादा म्हणाला, "बघू. एक डाव. न्हाई जमलं तर त्यो भाईर."

साताऱ्याचा क्लास पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर होता. मॅच दोन डावांची. पहिला डाव सुरू झाला आणि मी पार्टनरला चिकटलो. त्याच्या रक्तातला एक आकडा खाली उतरू दिला नाही. स्पीकरमधून बोंबा येत होत्या, लाल खुणा पेटत होत्या, शेजारच्या खुर्चीवरनं दादा लाथा मारत होता. मी हललो नाही. आतनं इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! पापाचं गाठोडं उतरत चाललंय असं वाटत होतं. आम्ही डाव हरलो. दादा अकरा वेळा मेला. पार्टनर एकदाही नाही.

तक्ता बघून दादानं कपाळाला हात लावला, पण बोलला ते रास्त बोलला. "मेला न्हाई म्हंजी न्हाई. ह्येची जागा पक्की." त्यानं पार्टनरच्या पाठीवर थाप मारली. मी बावळटासारखा हसत होतो.

पार्टनरनं मला दंडाला धरून जिन्यात ओढलं. दीड वर्षात त्याला असा चिडलेला मी बघितला नव्हता.

"काय चाललंय तुजं?"

"तुला वाचवतोय. तुजी जागा..."

"माजं रगत शंभर हाय, तरी तू हात लावून हुबा. तिकडं दादा मरतोय, ती दोगं मरत्यात. ही काय डॉक्टरकी हाय व्हय? ही भीक हाय. न मागता घातलीस म्हनून तिची काय पुरनपोळी हुतीया?"

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आठवडाभर मी मनात त्याची माफी मागत होतो, आणि माफी मागता मागता पुन्हा भाकरी घेऊन दारात उभा राहिलो होतो. आज्जीसारखाच.

तो तसाच आत गेला. दादाला म्हणाला, "दादा, ह्यो आकडा माजा न्हाई. ह्येच्यावर मला ठिवू नका."

"आरं, येडा का खुळा तू? जागा मिळालीया तर—"

"न्हाई पायजे अशी." मग माझ्याकडं वळला. "ऊठ."

"आं?"

"त्या खुर्चीवरनं ऊठ. डॉक्टर मी."

हा डाव हरला तर तो गेलाच, तासासकट, वहीसकट. मी दादाकडं बघितलं. दादाची मती गुंग झाली होती, त्यानं नुसते हात वर केले. मी उठलो आणि दाराच्या पहाऱ्यावर बसलो.

दुसऱ्या डावात मी काय बघितलं ते सांगायचं म्हटलं तर मी फारसं काही बघितलंच नाही. गोळ्या लागल्या, रक्त तीसवर आलं, मी बटणाकडं बोट नेलं, तोवर आकडा नव्वदला गेलेला. मान वळवली तर तो नाही. तो तिकडं दादाजवळ, तिथनं तिसऱ्याजवळ. एकदा मी वेड्यासारखा उघड्यावर धावलो, मी हाक मारूनही तो आला नाही, आणि नाही आला तेच बरोबर होतं, कारण त्या वेळी झेंडा दादाकडं होता. बोंबाच कमी झाल्या. कुणाला हाक मारायची गरज पडेना. साताऱ्याचा एकजण आपलं खेळायचं सोडून त्याच्या मागं येऊन उभा राहिला आणि "आयला" म्हणाला. आम्ही तो डाव जिंकलो. मरणाच्या तक्त्यात सगळ्यांत वर मी होतो.

"पुढच्या टायमाला डॉक्टर तूच," दादा त्याला म्हणाला, आणि ते तिथंच मिटलं.

स्टँडवर सांगलीची गाडी लागायला वेळ होता. आम्ही दोघं बाकावर बसलो. माझं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "एवढं येतंय तुला, तर आधीच का न्हाई म्हनालास, मला डॉक्टर करा म्हनून?"

"मागाय लागलं असतं की."

"आन् आज?"

"आज मागितलं न्हाई. ऊठ म्हनलो."

मला हसू आलं, त्यालाही आलं. त्याला हसताना बघितल्याचं मला नक्की आठवतं. मग मी विचारलं, "पर डॉक्टरच का? तुजा नेम एवढा भारी, बंदूक सोडून कोन त्या खुर्चीवर बसतंय?"

"बटन दाबाय लागत न्हाई तिथं," तो म्हणाला. "डॉक्टरचं रगत आपसूक भरतंय न्हवं. हळूहळू. कुनापशी जावं लागत न्हाई."

"त्यात काय," मी म्हणालो. "सगळ्यांचंच भरतंय की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चेष्टा करतोय का खरंच बोलतोय, ते तो माझ्या तोंडावर शोधत होता.

"न्हाई गड्या," तो म्हणाला. "फकस्त डॉक्टरचं भरतंय."

आठ महिने मी त्या खुर्चीवर बसलो होतो.