काशिबाची पानथरी

दवाखान्यात लेखणी धरून बसणाऱ्याजवळ किस्से आपोआप साठतात. 'किस्सा' हा शब्द मला रुचत नाही. पण 'आख्यायिका' म्हणावे, तर सगळे डोळ्यांदेखत घडलेले! सरकारी दप्तर उर्दूतून मराठीत आले, तेव्हा परभणीच्या एका दवाखान्यात मी रुग्णांचा पूर्वेतिहास लिहीत असे.

झरीचा काशिबा धनगर मानेवर गाठ घेऊन आला. डॉक्टरांना कर्करोगाची शंका. त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, पूर्वीच हैदराबादेत काढलेली. आणि आता त्याच्या बायकोची, सगुणाची, पानथरी सुजून फुटण्याच्या बेतात! काशिबा मला म्हणाला, "मुनशीजी, माझी काढली म्हणून ही गाठ आली का? तसं असंल तर हिची कापू देणार न्हाई!"

*

काशिबाचा जुना कागद उर्दूत होता. वृद्ध कंपाउंडरने वाचला, "पानथरी काढली. रुग्ण खुशीने घरी गेला."

"का काढली?" डॉक्टरांनी विचारले.

"साहेब, खुशीच्या पुढे काही लिहिलेले नाही!"

*

भेटीला आलेले दोन पाहुणे भांडले.

"एक जागा रिकामी झाली की रोग तिथंच मुक्काम करतो!"

"येड्या, उलट रोगाला एक घर कमी झालं!"

मला दोघांचेही पटले, हीच पंचाईत.

*

डॉक्टरांनी हैदराबादच्या एका शल्यविशारदांना पत्र धाडले. उत्तर आले, "आपला प्रश्न उत्तम आहे. आमच्याकडेही तोच आहे."

*

मग डॉक्टरांनी काशिबालाच विचारले, "तुम्ही मेंढे खच्ची करता. ते पुढे जास्त आजारी पडतात का?"

"काय की, साहेब! म्हातारे होईस्तोवर ठिवतंय कोण त्यायला?"

*

सगुणाच्या संमतिपत्रात मी लिहिले, "पुढे कर्करोगाचा धोका नाही." डॉक्टरांनी 'नाही' खोडले. मी 'आहे' लिहिले, तेही खोडले. 'बहुधा' सुचवले, तर म्हणाले, "बहुधा काय?" वाक्यात नुसता 'धोका' उरला!

*

शेवटी डॉक्टर सगुणाच्या खाटेजवळ गेले. "काढली नाही, तर ही वाचणार नाही. काढल्यावर पुढे कर्करोग होईल का, हे मला ठाऊक नाही. काशिबाची गाठ कशाने आली, तेही ठाऊक नाही."

"ऐकलं का? ह्यायलाच ठाऊक न्हाई!" काशिबाने घोंगडे खांद्यावर टाकले. "चल, घरी जाऊ."

सगुणाने डावा अंगठा शाईत बुडवला.

"तुमची कापणाराला समदं ठाऊक होतं. ह्यायला न्हाई. हे तरी बघून कापतेल!"