दुभाष्याची चूक

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घराला दार नव्हतं. बांबूची ताटी होती. पावसात छत गळायचं, म्हणून आईने माझा पासचा कागद खताच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगला होता. तेंदूपत्ता तोडून तिची बोटं काळी पडलेली. त्याच बोटांनी ती आल्यागेल्याला तो कागद काढून दाखवायची. वाचता येत नव्हतं. कधीकधी उलटा धरायची.

गावातला पहिला बी.ए. म्हणून पक्षाच्या लोकांनी मला बोलावलं. साहेब सभेला येणार होते. पक्षाचे मोठे पुढारी, मंत्री. ते मराठीत बोलणार, मी आमच्या माडिया बोलीत सांगायचं. तालुकाध्यक्ष म्हणाले, "काम बराबर कर. आश्रमशाळेत गुर्जी म्हणून लावून देतो तुले. शब्द आहे आपला."

सभा बाजाराच्या दिवशी होती. आमची माणसं पहाटे निघून पायी आलेली. स्वागताला नाचणाऱ्यांना सकाळपासून उन्हात उभं केलं होतं. साहेब दुपारी आले, नाच झाला. माइक हातात घेतला, समोर पाहिलं आणि मंचावरच्यांकडे वळून म्हणाले, "काय रंग आहे हो! लाइट गेली तर यांना दातांवरूनच मोजावं लागेल."

मंच हसला.

मीही हसलो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मीही हसलो.

"सांग यांना," साहेब म्हणाले.

मी सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमचं नाचणं पाहून फार आनंद झाला."

टाळ्या पडल्या. आई पुढेच बसली होती. सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती. पोरगा मंचावर होता ना.

परतीच्या वाटेवर तिने आमच्या बोलीत विचारलं, "आनंद झाल्यावर माणसं अशी हसतात का रे?"

मी भरभर चालू लागलो.

"मला त्यांची भाषा येत नाही. हसणं कळतं. खरं सांग."

सांगितलं. शब्दाला शब्द. ती थांबली नाही, चालत राहिली. फक्त पदर ओढून तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला गोटुलात घेऊन गेली. गोटुल म्हणजे आमच्या गावाची बसायची जागा. सगळे गोल बसतात, बायाही. शेवटच्या माणसाचं बोलणं होईपर्यंत कोणी उठत नाही. तिथे मी दोन्ही वाक्यं सांगितली. साहेबांचं आणि माझं. गायता, म्हणजे आमच्या गावचा पुजारी, काडीने माती उकरत बसला. मग म्हणाला, "तो बोलला, ते त्याचं. तू झाकलंस, ते आपलं. झाकलेलं ज्या ज्या गावात गेलं, त्या त्या गावात जाऊन उघड."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंचावर चढला होतास ना बाबा? आता चाल पायी."

हीच शिक्षा. बाजाराला ज्या गावांचे लोक आले होते, त्या प्रत्येक गावाच्या गोटुलात मी गेलो. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. मी हसलो, हेही. एका गावात नाचणाऱ्यांपैकी एकजण माझ्याकडे पाठ करून बसला. शेवटपर्यंत वळला नाही.

बातमी पसरली. गडचिरोलीला मोर्चा निघाला. पेपरात आलं. मुंबईत दुसऱ्या पक्षाचे लोक आमच्या वतीने रागावले, पण आम्हाला कोणी विचारलं नाही. साहेब म्हणाले, "माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला."

मग तालुकाध्यक्ष घरी आले. दोन कागद घेऊन. एक आश्रमशाळेतल्या नोकरीचा. दुसऱ्यावर टाइप केलेलं: दुभाष्याने चुकीचं सांगितल्यामुळे गैरसमज झाला.

"कर सही," ते म्हणाले. "तिकडं साहेबाची खुर्ची हालून राह्यली. तुले काय, एक सही. गुर्जी होशीन. घराले दार लागन."

दुभाष्याने चुकीचं सांगितलं, हे तर खरंच होतं. पण चुकीचं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मोर्चा निघाला तो बरोबर सांगितल्यावर.

मी म्हणालो, "माह्या चुकीची शिक्षा मी भोगली भाऊ. गावोगाव पायी फिरलो. साहेबाले म्हणा, तुमी बी या गोटुलात. दुभाष्या मीच राहतो."

"माजला काय बे? दोन बुकं शिकला तं!"

"दोन नाई भाऊ. बी.ए. आहो मी."

आई ताटीपाशी उभी होती. तिने ताटी बाजूला सरकवली. तालुकाध्यक्ष कागद घेऊन गेले.

साहेब गोटुलात आले नाहीत. मंत्रिपद गेलं, काही महिन्यांनी दुसरं मिळालं. मला आश्रमशाळा मिळाली नाही. घराला दार मी फार उशिरा बसवलं, स्वतःच्या हाताने. आईने ते पाहिलं, उघडून लावून बघितलं, हसली. तोंडावर पदर धरून. त्या वाटेवरच्या दिवसापासून मरेपर्यंत ती तशीच हसली. तिचे दात मी पुन्हा पाहिले नाहीत. वाक्य साहेबांचं. तिच्यापर्यंत ते मी पोचवलं.

आता आमच्या गावांतून कोणाच्याही स्वागताला नाच जात नाही. पुढारी आला तर अजूनही मलाच बोलावतात. मी मंचावर चढत नाही. खाली, आमच्या माणसांत उभा राहून सांगतो. शब्दाला शब्द. आणि मंच हसला, तर तो हसला हेही सांगतो.