मराठी : एक नंबर

कुणालाच कधी सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. किसनरावांच्या नावापुढे मराठीच्या रकान्यात जो एकचा आकडा होता, तो मी टाकला होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. इंटरनेटवर मराठी शब्दकोश उभा करण्याचा एक हौशी प्रकल्प चालू होता आणि जालन्यातल्या स्वयंसेवकांचा समन्वयक मी होतो. दर रविवारी नेट कॅफेत आम्ही चार-पाच जण जमायचो. किसनराव बदनापूरहून रेल्वेने यायचे. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात ते बी निवडायचे, आणि की-बोर्डवर अक्षरंही तशीच निवडायचे. एका बोटाने, खडा बाजूला सारावा तशी.

एकदा वरून फर्मान आलं : कुणाला कोणती भाषा किती येते, याची पाहणी करा. शून्य म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे उत्तम. ज्याला तीनपेक्षा कमी, त्याचे शब्द समन्वयकाच्या मंजुरीशिवाय कोशात जाणार नाहीत. मी स्वतःला मराठीत पाच दिले. ते कुणी तपासले नाहीत. तपासणारा मीच होतो.

किसनरावांनी सूचना न वाचताच, आकड्यांऐवजी वाक्यं लिहिली होती. उर्दू : 'बोलतो बराबर, वाचता येत न्हाई.' तेलुगू : 'आंध्राच्या ट्रकवाल्यांमुळं शिव्या पुऱ्या, बाकी कमी.' मराठीचा रकाना कोरा.

"हा राहिला की," मी म्हणालो.

"मराठी येती असं कुणी लिहितं का साहेब? ती काय येती? ती तर हायेच. तुम्हाला पाय हायेत का, असं इचारल्यावानी झालं."

सगळे हसले. मला वाटलं, मलाच हसले. त्याच आठवड्यात त्यांनी एक शब्द पाठवला होता : 'चाडं : तिफणीवरली लाकडी वाटी. पेरताना हिच्यात बी सोडतेत. मूठ सैल पडली तर पीक दाट, घट्ट धरली तर इरळ, आन् दोन्हीला घरचे बोलतेत.' असली भाषा कोशात? मी मूळचा राजूरचा. आईशी फोनवर मीही 'न्हाई' आणि 'गेल्तो'च म्हणायचो, पण दार लावून. पुण्यात दोन वर्षं शिकून मी ते सगळं झटकून आलो होतो. त्या कोऱ्या रकान्यात मी एक लिहिला.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आकड्यांचा तक्ता भिंतीवर लागला. किसनराव त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"साहेब, आपली मराठी एक नंबर?"

मी तक्त्याचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. बाकीच्यांनी स्क्रीनमध्ये तोंडं खुपसली.

"आन् तुमचा पाचवा नंबर दिसून राह्यला!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. लई शिकलेल्या माणसाचं व्हतं असं."

नंतरच्या रविवारी त्यांनी राजूरच्या गणपतीचे पेढे आणले. मी दोन खाल्ले.

त्यांचे शब्द येत राहिले, आणि माझ्याकडे अडकून राहिले. कधीतरी ते विचारायचे, "शब्द काही दिसून न्हाई राह्यले कोशात?"

"तपासणी चालू आहे."

"तपासा, बिलकुल तपासा. एक नंबर असला तरी माणूस चुकतोच."

दोन वर्षं त्यांनी असं विचारलं. मग प्रकल्प बंद पडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत किसनराव गेले. मी बदनापूरला भेटायला गेलो. त्यांच्या बायकोने रेशन कार्डाच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तोच तक्ता.

"तुम्हीच का ते नंबर देणारे साहेब? लई नाव काढायचे तुमचं."

मी चहा प्यायलो आणि परत आलो.

त्यांचे एकशे सोळा शब्द माझ्याकडे छापून ठेवलेले आहेत. ते लोकांपुढे आणणं आणि त्या तक्त्यात एक म्हणजे काय होतं, हे वहिनींना जाऊन सांगणं, एवढं मी किसनरावांचं देणं लागतो. यातलं अजून काहीच केलेलं नाही.