गठ्ठा सर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना सगळे गठ्ठा सर म्हणत. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत अख्खी नोकरी काढली, त्यामुळे हे नाव किती चपखल होतं ते मला ठाऊक आहे.

काही अणूंच्या केंद्रकात न्यूट्रॉनांची नुसती गर्दी असते. लिथियमच्या एका प्रकारात तर दोन न्यूट्रॉन मधल्या गाभ्यापासून इतके लांब रेंगाळतात, की केंद्रकाभोवती विरळ धुकं पसरल्यासारखं होतं. एक काढला की दुसराही टिकत नाही. म्हणून गाभा आणि ते दोघं, असं तिघांचं गणित एकत्रच मांडावं लागतं. ते घाम काढतं. सरांनी तरुणपणी त्या दोघांचा मिळून एकच कण धरला. गठ्ठा! गणित सोपं झालं, बढती मिळाली आणि जन्मभर तेच चाललं. प्रयोगाशी आकडा जुळला नाही, की गाभ्याची ओढ थोडी कमीजास्त करायची आणि छाती काढून सांगायचं, "बघा, माझ्या मॉडेलनं अचूक भाकीत केलं." मागचं उत्तर बघून गणित सोडवणाऱ्या पोराचा शाळेत कान धरतात, यांना खुर्ची दिली.

घरीही तोच खाक्या. "दोन्ही मुलींना एकाच नावानं हाक मारतात," वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या. "जी येईल ती."

त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं ते दोन न्यूट्रॉन वेगळे धरले, त्यांचं एकमेकांवरचं बलही धरलं. केंद्रक सरांच्या उत्तराहून बरंच मोठं आलं.

"प्रोग्रॅम चुकलाय तुझा," सर म्हणाले.

"कुठं चुकलाय ते दाखवा ना, सर."

"मला शिकवतेस?"

प्रबंध कपाटात गेला. पुढं दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं नवं मोजमाप जाहीर केलं, आणि ते मुलीच्या आकड्याशी जुळलं. सरांनी लगोलग तिच्या गणितावर शोधनिबंध पाठवला. पहिलं नाव स्वतःचं, तिचं आभारात. आयत्या बिळावर नागोबा! मी तिला घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. ते मूग गिळून बसले.

मग परिषदेत सर व्याख्यानाला उभे राहिले. समोरून साधा प्रश्न आला, "दोन न्यूट्रॉनमधलं बल कोणतं घेतलंत?"

सरांनी स्लाइड पुढं नेली, मागं आणली, पाण्याचा घोट घेतला. "असले तपशील विद्यार्थी बघतात."

सभागृहात हशा पिकला. "मग विद्यार्थ्यालाच बोलवा," कोणीतरी म्हणालं.

ती मागच्या रांगेतून उठली. फळ्यावर तिनं ते बल मांडलं आणि गणित पहिल्यापासून सोडवून दाखवलं. चहाची वेळ टळून गेली तरी कोणी हललं नाही. शोधनिबंध दुरुस्त होऊन तिच्या नावानं छापला गेला. विभागप्रमुखांना तेव्हा कुठं वाचा फुटली.

आता ती दुसऱ्या विद्यापीठात शिकवते. तिचं व्याख्यान असलं, की निवृत्त सर पहिल्या रांगेत बसून अशी मान डोलवतात, जणू वाक्यन् वाक्य त्यांनीच पढवलंय. लोक म्हणतात, म्हातारा झालाय, कीव करा. मला काही ती येत नाही.